लेखकाने काय विकलं होतं?

डेल कार्नेगी लेखक होण्यापूर्वी डुकराचं मांस, साबण आणि चरबी विकत. 'आर्मर अँड कंपनी'ने त्यांना दक्षिण डाकोटाचा पश्चिम भाग नेमून दिला होता. ओसाड मुलूख, लांब लांब पसरलेली गावं, कधी मालगाडीतून तर कधी घोड्यावरून प्रवास. तिथल्या दुकानदारांना माल हवा असे, पण गल्ल्यात रोकड नसे. अशा वेळी कार्नेगी दुकानाच्या फळीवरून डझनभर जोडे उचलत, ते रेल्वेच्या कामगारांना विकत आणि आलेले पैसे कंपनीकडे पाठवून देत. ओमाहाहून निघणाऱ्या २९ फेऱ्यांमध्ये त्यांची फेरी विक्रीत २५वी होती. दोन वर्षांत ती पहिली आली.

१९३६ साली निघालेल्या 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल' या त्यांच्या पुस्तकात ही हकीकत लॉवेल थॉमस यांच्या प्रास्ताविकात येते. वाचक बहुधा ते ओलांडून प्रकरणांकडे धावतात. समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, हसून बोला, वाद घालू नका, हे सगळ्यांना पाठ असतं. जोड्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. छोटा धंदा चालवणाऱ्यासाठी मला तेच पान सर्वांत मोलाचं वाटतं. माल खपवला की अर्धं काम होतं. ज्याच्या हातात आज पैसे नाहीत त्याच्याकडून ते कसे उभे करायचे, हे उरलेलं अर्धं काम त्या पानावर आहे.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, दादरला, किंवा कुठल्याही मोठ्या एसटी स्थानकावरच्या बुकस्टॉलवर आज या विषयाची पुस्तकं मराठीत सहज मिळतात. कार्नेगी आहेत, नेपोलियन हिल आहेत, 'रिच डॅड पुअर डॅड' तर आहेच. भोपाळच्या मंजुलपासून पुण्याच्या मेहतांपर्यंत अनेक प्रकाशकांनी अनुवादांचा मोठा साठा उभा केला आहे. ही पुस्तकं घेणाऱ्यांत नोकरदार पुष्कळ असतात, पण माझं लक्ष दुसऱ्या वाचकाकडे आहे. भोसरीत चार मशिनं टाकलेला, सातपूरला पॅकिंगचे खोके बनवणारा, इचलकरंजीत शर्टिंगचा माल काढणारा, घरगुती मसाल्यांचं छोटं युनिट चालवणारी. यांच्यापैकी अनेकांच्या घरात आधी कोणी धंदा केलेला नसतो. वडील शिक्षक, बँकेत किंवा शेतात. रात्री शटर ओढल्यावर ज्याला विचारावं असं घरात कोणी नसतं. मारवाडी किंवा गुजराती व्यापाऱ्याच्या मुलाला जे जेवताना कानावर पडतं, ते या माणसाला विकत घ्यावं लागतं, अडीचशे-तीनशे रुपयांच्या पुस्तकातून. म्हणून या वाचनाला हसण्यावारी नेणारे साहित्यप्रेमी मला पटत नाहीत. ही भूक खरी आहे.

प्रश्न निवडीचा आहे. मुखपृष्ठ पाहून, कुणाचा व्हिडिओ पाहून पुस्तक घेतलं जातं आणि एकाच्या कामाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की विक्रीचं पुस्तक उघडण्याआधी चार गोष्टी शोधाव्यात. लेखकाने स्वतः काय विकलं होतं, कोणाला विकलं होतं, किती भेटींत सौदा होत असे, आणि पैसे कधी हातात येत असत. या चार उत्तरांवरून पुस्तक तुमचं आहे की शेजारच्याचं, हे कळतं.

फ्रँक बेटगर यांचं उदाहरण घ्या. ते बेसबॉलपटू होते, १९१० साली सेंट लुईस कार्डिनल्स या संघातून खेळले. हाताला दुखापत झाली, खेळ संपला आणि ते फिलाडेल्फियात आयुर्विमा विकू लागले. सुरुवातीला सपशेल अपयश आलं. कार्नेगींच्या भाषणकलेच्या वर्गात गेले, उत्साह कसा दाखवावा हे शिकले, आणि पुढे त्यांनी लिहिलेलं पुस्तक विमा एजंटांच्या पिढ्यांनी वाचलं. त्यातला उत्साहाचा भाग सगळे सांगतात. मला त्यातली वही महत्त्वाची वाटते. बेटगरनी आपल्या प्रत्येक भेटीची नोंद ठेवली होती. बारा महिन्यांच्या नोंदी एका शनिवारी त्यांनी समोर घेतल्या तेव्हा दिसलं की ७० टक्के विक्री पहिल्याच भेटीत झाली होती, २३ टक्के दुसऱ्या भेटीत आणि फक्त ७ टक्के तिसऱ्या किंवा त्यानंतरच्या भेटीत. त्या ७ टक्क्यांमागे त्यांचा निम्मा वेळ जात होता. त्यांनी तिसरी भेट बंद केली.

आता हा नियम म्हणून उचलला तर भोसरीतला कारखानदार बुडेल. त्याचं गिऱ्हाईक वाहन बनवणारी मोठी कंपनी असते. तिथे पहिल्या भेटीत गेटपास मिळतो, दुसऱ्या भेटीत खरेदी विभागातला माणूस भेटतो, मग नमुना, मग गुणवत्ता विभागाची तपासणी, मग दराची घासाघीस, आणि या सगळ्यात वर्ष जातं. तिसऱ्या भेटीला थांबलेल्या पुरवठादाराला एकही ऑर्डर मिळणार नाही. विमा घेणारा माणूस एकटा निर्णय घेत असे. इथे पाच जणांना पटावं लागतं. बेटगरकडून घ्यायची ती वही. त्यांचे आकडे त्यांच्या धंद्याचे होते, तुमचे तुम्हालाच काढावे लागतील. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती चकरा झाल्या आणि त्यातून काय आलं, हे वर्षभर लिहून ठेवणारा छोटा उद्योजक विरळाच.

या कारखानदाराने वाचावं ते नील रॅकहॅम यांचं 'स्पिन सेलिंग'. हे १९८८ सालचं पुस्तक. रॅकहॅम मानसशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या हथवेट या संस्थेने बारा वर्षांत सुमारे ३५ हजार विक्रीभेटींचा अभ्यास केला. विक्रेता गिऱ्हाइकाशी बोलत असताना शेजारी बसून कोण काय विचारतं, कोण काय सांगतं याची टिपणं घेतली. तोवरच्या प्रशिक्षणात एक गोष्ट वेदवाक्यासारखी सांगितली जाई, की सौदा आजच पक्का करून घ्या, गिऱ्हाइकाला विचार करायला उसंत देऊ नका. रॅकहॅमना आढळलं की स्वस्त मालात ही घाई चालून जाते, पण माल महाग असला, निर्णय मोठा असला की हीच घाई सौदा मोडते. यशस्वी विक्रेते बोलत कमी होते आणि एका क्रमाने विचारत होते. आज काय चाललंय, अडचण काय आहे, त्या अडचणीपायी नुकसान किती होतं, आणि ती सुटली तर फायदा काय.

यातला तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. आपलं फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर पार्ट धरून ठेवणारं साधन, विकायला गेलेला माणूस सहसा आपल्या मालाची तारीफ करतो. त्याऐवजी त्याने विचारावं, "हा पार्ट रिजेक्ट झाला की तुमची लाइन किती वेळ थांबते? त्या वेळात किती गाड्या कमी निघतात?" उत्तर खरेदी अधिकारी स्वतःच्या तोंडाने देतो आणि मग दराची चर्चा वेगळ्या पातळीवर जाते. किराणा दुकानाला बिस्किटं पुरवणाऱ्याला मात्र या पुस्तकाचा उपयोग थोडा. त्याला रोज चाळीस दुकानं करायची असतात, प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं. त्याने कार्नेगीच वाचावेत.

मायकेल गर्बर यांचं 'द ई-मिथ' १९८६ साली आलं, त्याची सुधारित आवृत्ती १९९५ साली. गर्बर छोट्या व्यावसायिकांना सल्ला विकत होते, म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक थेट आपला वाचकच. सुधारित आवृत्तीत सारा नावाची बाई आहे. मावशीकडून 'पाय' हा बेकरीतला पदार्थ बनवायला शिकली, हाताला चव आहे म्हणून सगळ्यांनी भरीस घातलं, दुकान टाकलं आणि आता पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून ती त्या पायचाच तिरस्कार करू लागली आहे. ज्याला काम येतं त्याला त्या कामाचा धंदाही येतो, हा समज खोटा, असं गर्बर सांगतात.

हे वाचताना मराठी माणसाला दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणारी सुगरण आठवली नाही तरच नवल. पहिल्या वर्षी दहा किलो चकली, चौथ्या वर्षी तीनशे किलो, आणि धनत्रयोदशीपर्यंत पाठीचा काटा ढिला. भाजणीचं प्रमाण तिच्या हातात आहे, कागदावर नाही. मोहन किती घालायचं हे ती पिठाला हात लावून ठरवते. ती आजारी पडली की धंदा आजारी पडतो. गर्बर म्हणतील, सगळं लिहून काढ, वजनात काढ, तापमानात काढ, म्हणजे उद्या नव्याने आलेली बाईही तशीच चकली करील. हे बरोबर आहे आणि करायलाच हवं. पण ते मॅकडोनाल्ड्सला आदर्श मानतात तिथे मी थांबतो. त्यांच्या मांडणीत नियमपुस्तिका शहाणी असली की कामगार साधा चालतो. पाच बायकांच्या स्वयंपाकघरात असं होत नाही. तेलाचा रंग पाहून आच कमी करणारी जी एक असते, ती टिकवायची तर पगार वाढवायला हवा, नफ्यात वाटा द्यायला हवा. कामगार बदलता येतो हे गृहीत धरून उभारलेली व्यवस्था आपल्याकडच्या छोट्या युनिटला परवडत नाही, कारण नवी बाई शिकवायला जो वेळ लागतो तो नेमका सीझनचा असतो.

एलियाहू गोल्डरॅट हे इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ. त्यांची १९८४ सालची 'द गोल' ही कादंबरी आहे, बंद पडायला आलेल्या कारखान्याची. सांगणं सोपं आहे. कारखान्यात एक मशीन असं असतं ज्याच्यापुढे माल तुंबतो. त्या मशिनचा वाया गेलेला तास हा सगळ्या कारखान्याचा वाया गेलेला तास असतो, आणि बाकीच्या मशिनांचा वेग वाढवून काही मिळत नाही, नुसता अर्धवट मालाचा ढीग वाढतो. गोल्डरॅट स्वतः कारखान्यांना वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर विकत होते आणि ते खपावं म्हणून त्यांनी ही गोष्ट लिहिली. पुढे त्यांना आढळलं की नुसतं पुस्तक वाचून काम बदललेल्या काही कारखान्यांनी सॉफ्टवेअर घेतलेल्यांपेक्षा चांगली प्रगती केली. आपला माल घेण्याची गरज नाही असं सिद्ध करणारं पुस्तक विक्रेत्याच्याच हातून लिहिलं गेलं. वर्कशॉप असलेल्याने पहिलं पुस्तक हेच घ्यावं, असं मी आग्रहाने सांगतो.

या सगळ्या पुस्तकांत एक प्रकरण मात्र जवळजवळ नसतं. ते उधारीचं.

साधा हिशेब मांडू. महिन्याची विक्री दहा लाख, कच्चा माल रोखीने, गिऱ्हाईक पैसे देतं नव्वद दिवसांनी. म्हणजे कुठल्याही दिवशी बाजारात तीस लाख अडकलेले. आता पुस्तक वाचून जोर आला, नवं गिऱ्हाईक मिळालं, विक्री पंधरा लाखांवर गेली. बाजारात अडकलेली रक्कम पंचेचाळीस लाख झाली. हे वरचे पंधरा लाख आणायचे कुठून? सगळा खर्च जाऊन दहा टक्के सुटत असतील तर महिन्याचा नफा दीड लाख. दहा महिन्यांचा पुरा नफा नुसत्या वाढलेल्या उधारीत जातो. शिवाय मासिक विवरण भरणाऱ्याने बिल काढलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत त्यावरचा जीएसटी भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. ऑर्डर आहेत, मशिनं चालू आहेत, आणि पगाराच्या दिवशी मालक सोनं गहाण ठेवायला निघालेला आहे, हे चित्र औद्योगिक वसाहतीत कोणालाही नवं नाही. "पार्टी चांगली आहे, पेमेंट तेवढं अडकलंय" हे वाक्य तर तिथे रोज ऐकू येतं. धंदा तोट्याने बुडतो तसा वाढीनेही बुडतो, हे सांगणारं प्रकरण विक्रीच्या पुस्तकात हवं होतं.

ते नसतं याचं कारण लेखकांच्या धंद्यात आहे. विम्याचा हप्ता आधी भरावा लागतो. सल्ल्याची फी, प्रशिक्षणवर्गाची फी आधी येते. मोठ्या यंत्रांच्या कंपनीत वसुलीचा विभाग वेगळा असतो, विक्रेत्याला त्याची झळ लागत नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना ही काळजी नव्हती किंवा ती दुसऱ्याच्या टेबलावर होती. म्हणून कार्नेगींचे ते जोडे मला इतके महत्त्वाचे वाटतात.

उधारीबाबत उपयोगी वाचन मिळतं ते कायद्याच्या पुस्तकात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली: अशा उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्याही रुंदावल्या आहेत. अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, पंचवीस आणि शंभर कोटींपर्यंतचा लघु. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उशिरा पैशांबाबतचं हे संरक्षण नाही.

कायदा आहे म्हणून लगेच तक्रार करणारे थोडेच. मोठ्या कंपनीवर दावा लावला की पुढची ऑर्डर गेली, ही भीती रास्त आहे. पण मार्चअखेर जवळ आली की आयकराच्या तरतुदीचा आधार घेऊन गिऱ्हाइकाच्या लेखा विभागाला नम्र पत्र लिहिता येतं. त्यात भांडण नाही, त्यांच्याच सोयीची आठवण आहे. असं पत्र कसं लिहावं, एवढ्या एका गोष्टीवर चार पानं कोणी लिहिली तर ती सोळा प्रेरणादायी पुस्तकांहून जास्त उपयोगी पडतील.

आपल्याकडे विक्रीची मोठी शाळा होऊन गेली, आणि तिचा पत्ता किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. मुंबईत सायकली घेऊन ते बेळगावला धाडत आणि तिथे त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, शिवाय घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. ज्या गावात सायकल नवी आहे तिथे चालवायला शिकवल्याशिवाय ती खपणार नाही, हे त्यांना कोणत्याही पुस्तकावाचून कळलं होतं. पुढे बेळगावला येऊन लक्ष्मणरावांनी कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडाने जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं, आणि १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात जिद्दीचा धडा म्हणून येते. धंद्याच्या नजरेने वाचली तर प्रश्न वेगळे पडतात. दोन वर्षं नांगर खपत नव्हता तेव्हा घर कशावर चाललं? दुसरा कोणता माल पैसे आणत होता? नव्या मालाला वेळ द्यायचा तर जुन्या मालाने पोसावं लागतं, हे उत्तर आजच्या छोट्या उद्योजकालाही लागू आहे. आणि मग १९२० साली याच कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या मालाची माहिती शेतकऱ्यांपर्यंत, एजंटांपर्यंत न्यावी म्हणून निघालेलं ते पत्रक शं. वा. किर्लोस्करांच्या हाती पडलं आणि पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, त्याच्या पाठोपाठ 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. मराठी घरांत पुरोगामी विचार नेणाऱ्या या मासिकांचं मूळ विक्रीत आहे. ज्याला माल विकायचा त्याला आधी वाचायला काहीतरी द्या, हे शंवाकींनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. आजचे प्रशिक्षक ते नवं तंत्र म्हणून शिकवतात.

मोठ्या कंपन्यांवरच्या पुस्तकांविषयी थोडक्यात. टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांचं 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' १९८२ साली आलं. दोनच वर्षांत 'बिझनेस वीक'ने दाखवून दिलं की त्यातल्या बऱ्याच उत्कृष्ट कंपन्या अडचणीत आहेत. जिम कॉलिन्स यांनी 'गुड टू ग्रेट'मध्ये १,४३५ कंपन्यांतून ११ निवडल्या. त्यांतली सर्किट सिटी २००९ मध्ये बंद झाली, फॅनी मे २००८ मध्ये अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. जिंकलेल्यांकडे मागे वळून पाहिलं की त्यांचं सगळंच गुणासारखं दिसतं. सहा कामगारांच्या युनिटने ही पुस्तकं रंजक म्हणून वाचावीत, त्यावर कर्ज काढू नये.

त्यापेक्षा नील चर्चिल आणि व्हर्जिनिया लुईस यांचा १९८३ सालचा एक लेख शोधावा. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त आलेल्या त्या लेखात छोट्या धंद्याच्या पाच अवस्था दिल्या आहेत. तिसऱ्या अवस्थेत, धंदा स्थिरावल्यावर, मालकापुढे दोन वाटा असतात असं ते म्हणतात. एक, सगळी पुंजी पणाला लावून वाढायचं. दुसरी, आहे तेवढा धंदा नीट सांभाळायचा आणि त्यातून सुखाने जगायचं. दुसऱ्या वाटेला ते अपयश मानत नाहीत. वाढीच्या पुस्तकांच्या गर्दीत हे वाक्य मिळणं दुर्मीळ. ज्याच्या बारा कामगारांचे पगार वेळेवर होतात, ज्याच्या मालाची तक्रार येत नाही, त्याला भाषणांतून "मोठा विचार करा" असं सुनावणाऱ्यांनी कितीजणांना नको त्या कर्जात ढकललं असेल.

पुस्तक कसं वाचावं यावर माझं मत आग्रही आहे. अडचण आधी लिहावी, पुस्तक नंतर निवडावं. गिऱ्हाईक मिळत नाही, गिऱ्हाईक आहे पण माल वेळेवर निघत नाही, माल निघतो पण पैसे येत नाहीत, किंवा सगळं आहे पण मालकाला एक दिवस गावाला जाता येत नाही. या चार वेगळ्या अडचणी आहेत आणि एक पुस्तक चारही सोडवत नाही. वर्षातून एक पुस्तक पुरे. त्यातली एक गोष्ट उचलून तीन महिने करून पाहावी, आकडे लिहावेत, मग पुढचं प्रकरण.

आणि ज्यांनी पंधरा-वीस वर्षं छोटा कारखाना, दुकान, स्वयंपाकघर चालवलं आहे त्यांना विनंती आहे. यशाच्या गाथा लिहू नका, त्या पुष्कळ आहेत. अडकलेले पैसे कसे काढले, दर वाढवल्यावर कोणतं गिऱ्हाईक गेलं आणि कोणतं राहिलं, पहिला माणूस कामावर ठेवताना काय चुकलं, हे आकड्यांसकट, पानभर का होईना, लिहा. उद्योगखात्याची प्रकाशनं आहेत, चेंबरची मासिकं आहेत, दिवाळी अंक आहेत. छापायला जागा आहे. तोवर वाचकांनी एवढं करावं: मालाचं उत्पादन करत असाल किंवा सेवा देत असाल आणि वर सांगितलेल्या ४५ दिवसांच्या संरक्षणासाठी लागणारी 'उद्यम' ही सरकारी नोंदणी केली नसेल तर ती या महिन्यात करून घ्या. ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. आणि तो क्रमांक आपल्या प्रत्येक बिलावर छापा.